माझ्यासाठी दोन शब्द टाक

१

माझ्या नवऱ्याला उंचीची भीती वाटते. रंगाऱ्याने ही गोष्ट चारचौघांत सांगू नये, पण तो सांगतो, आणि तीही गिऱ्हाइकासमोर. त्यामुळे आमच्या धंद्यात लग्नापासूनच वाटणी ठरलेली आहे. हात वर करून जिथवर पोचतो तिथवरचं जग त्याचं, त्याच्या वरचं माझं.

चर्चचं काम आलं तेव्हा तो आत शिरला, मान मागे टाकून छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे बहुतेक सगळं तुझंच आहे." मग बाकांवर प्लास्टिक अंथरायला लागला.

चर्च तसं लहानच, पण उंच. खिडक्यांच्या वर भिंतीत कोनाड्यांची एक रांग, प्रत्येक कोनाड्यात एकेक संत, आणि त्यांच्या डोक्यावर कमानदार छत. खालून बघणाऱ्याला संतांची फक्त पावलं आणि हनुवट्या दिसतात. बांबू बांधून केलेल्या परांचीवर चढल्यावर मात्र ते अगदी माझ्या बरोबरीला आले, शेजारच्या गॅलरीत उभे असल्यासारखे. कुणाच्या नाकाचा टवका उडालेला, कुणाच्या दाढीत कोळ्याने घर केलेलं. मला त्यांची एकदम आपुलकीच वाटायला लागली.

माझ्या सासूबाईंना ती वाटायची गरज नव्हती. त्यांच्या लेखी ही सगळी माहेरचीच माणसं. अंतोनी हरवलेल्या वस्तूंचा, लुसी डोळ्यांची, अपोलोनिया दातांची. मी ज्या घरात वाढले तिथे सकाळ-संध्याकाळ फक्त रेडिओ लागायचा, प्रार्थना कुणाला येत नव्हती. लग्न होऊन आले आणि हे खातेवाटप ऐकून थक्क झाले. तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "आई, हे सगळे मागितलं की देतात?"

"देणारा एकच," त्या म्हणाल्या होत्या. "हे फक्त आपल्या बाजूने दोन शब्द टाकतात. तुझ्या बहिणीच्या नोकरीसाठी तुझ्या काकांनी साहेबांकडे शब्द टाकला होता की नाही? तसंच."

हे मला समजलं होतं. पटलं होतं असं नाही, पण समजलं होतं.

२

पहिल्याच दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या, आणि नवरा हात धुवून येईपर्यंत खांबाजवळच्या बाकावर जपमाळ घेऊन बसल्या. मी वर अंतोनीच्या खांद्याजवळ भिंतीच्या भेगांत लांबी भरत होते. आणि माझ्या कानात कुणीतरी बोललं.

"आमची सून तोंडाने फटकळ आहे, पण हाताला गुणी आहे. ती चढते-उतरते तेव्हा लक्ष ठेव. आणि तिला सांग, भाजीत मीठ कमी टाक."

मी खाली बघितलं. एवढ्याशा दिसणाऱ्या सासूबाई ओठ हलवत होत्या. आवाज मात्र टेलिफोनवर यावा तसा स्वच्छ.

"मीठ कमी टाकीन, आई," मी वरून ओरडले. त्यांच्या हातातली माळ पडली.

कारण साधं होतं. छताची कमान आवाज गोळा करते आणि एका ठिकाणी आणून सोडते. नवऱ्याला याचा केवढा आनंद झाला. तो दिवसभर त्या बाकाशी येऊन वाट्टेल ते पुटपुटायचा आणि मी लाजते का ते खालून बघायचा. अंतोनीच्या समोर उभी राहून मी काय काय ऐकलं ते सांगण्यासारखं नाही.

सकाळच्या वेळी मात्र लोक यायचे आणि प्लास्टिक सारून त्याच बाकावर बसायचे. पाववाली यायची, निवृत्त पोस्टमन यायचे. त्यांचं सगळं मला ऐकू यायचं. मी ऐकायचं नाही असं ठरवत होते, पण रंगाऱ्याला कानात बोळे घालून काम करता येत नाही, खालून कुणी हाक मारली तर कळायला हवी. एकदा चष्मेवाला आला. घामाघूम झालेला, छत्री काखेत, बाकावर मटकन बसला. "अंतोनीबाबा," तो कुजबुजला, "दुकानाची किल्ली हरवली. बाहेर गिऱ्हाइकं उभी आहेत. बायको मला सोडणार नाही."

वरून मला त्याच्या मिटलेल्या छत्रीच्या घडीत काहीतरी चमकताना दिसत होतं. माझ्याने राहवलं नाही.

"छत्रीत बघ," मी म्हणाले. हळूच म्हणाले, पण ती कमान जशी वर आणते तशी खालीही नेते.

चष्मेवाल्याने छत्री झटकली. किल्ली फरशीवर खणकन पडली. त्याने ती उचलली, कोनाड्याकडे बघून वाकून नमस्कार केला, आणि पाठ न दाखवता मागे मागे चालत दारापर्यंत गेला.

नवऱ्याला हसता हसता बाकाला धरावं लागलं. सासूबाई हसल्या नाहीत. दुपारी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण काढायचं थांबवलं.

"किल्ली दाखवलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण त्या जागेवरून उत्तर द्यायला नको होतंस."

"त्याला काय होतंय?"

"वर कुणीतरी ऐकतंय, उत्तर देतंय, हे बाकीच्यांना कळलं की मग?"

"बाकीचे कोण, आई? चर्चमध्ये तेव्हा तो एकटाच होता."

त्यांनी झाकण काढलं आणि मला वाढलं.

३

दुपारी फादर मोठं दार लावून झोपायला जात. फादर म्हणजे गोल, हसतमुख माणूस, कमरेला किल्ल्यांचा घोस, चालले की आधी घोस ऐकू यायचा आणि मग ते. बाजूचं छोटं दार आमच्याकडे असायचं. त्याला कडी लावली तरी ते उघडं राहायचं आणि मांजरं आत येऊन ओल्या रंगावर फिरायची, म्हणून नवरा बाहेर गेला की बाहेरून कुलूप घालून जायचा. मी आत, वर. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उन्हाचे लांब पट्टे फरशीवर पडलेले असायचे, शांतता असायची, आणि माझं काम झपाझप व्हायचं.

एका दुपारी नवरा लांबी संपली म्हणून दुकानात गेला होता. मी अंतोनीचा कोनाडा संपवत आणला होता. खाली धप्प आवाज झाला.

तो आवाज मी ओळखते. प्रत्येक बाकाच्या मागे बिजागरीवर एक लांब फळी असते, प्रार्थनेच्या वेळी ती खाली पाडून तिच्यावर गुडघे टेकायचे. ती हळू सोडली नाही की तसाच धप्प आवाज होतो.

मग कानात कुणीतरी म्हणालं, "आहेस का?"

मला वाटलं, नवरा आला. "आहे की," मी ब्रश न थांबवता म्हणाले. "जाणार कुठे?"

मग, अगदी समाधानाने, "बरं झालं."

हे काही नवऱ्याचं बोलणं नव्हतं. तो एवढ्यावर थांबला नसता. मी परांचीच्या कडेवरून वाकून बघितलं. बाकांवर प्लास्टिक होतं, प्लास्टिकवर मी खरवडलेल्या जुन्या रंगाचा चुरा, सगळीकडे सारखा, पीठ चाळल्यासारखा. कुणी नव्हतं.

इतक्यात बाहेर कुलपाचा आवाज झाला आणि नवरा लांबीचा डबा खांद्यावर घेऊन आत आला.

"तू आत्ता आलास?"

"नाही, काल आलो," तो म्हणाला.

मी खाली उतरले. खांबाजवळच्या बाकामागची फळी खाली पडलेली होती, प्लास्टिकच्या आत. वरचं प्लास्टिक जागच्या जागी होतं. चुऱ्यावर एक रेघसुद्धा नव्हती.

"बिजागरी सैल असेल," नवरा म्हणाला. त्याने फळी वर केली, स्क्रू घट्ट केला. तो खरंच सैल होता. मला फार बरं वाटलं.

४

बरं वाटणं एक रात्र टिकलं. सकाळी मी विचार करायला लागले, स्क्रू सैल होता म्हणून फळी पडली, ठीक. पण स्क्रू बोलत नाही.

आम्ही रीतसर तपासलं. खिडकीबाहेरच्या रस्त्यावरचं बोलणं आत येतं का? नवरा बाहेर जाऊन ओरडला, कुजबुजला, शेवटी गायलासुद्धा. काही आलं नाही, पलीकडच्या घरातून एक कुत्रं तेवढं आलं. मग तो प्रत्येक बाकावर बसून पुटपुटला. आवाज वर येत होता तो फक्त खांबाजवळच्या बाकाच्या टोकावरून. एक वीत इकडे सरकला की काही नाही.

"मग आज दुपारी मी इथेच बसतो," तो म्हणाला. "माझ्या मांडीवर तर कुणी येऊन बसणार नाही."

दुपारी तो नेमका त्या टोकाला डबा उघडून बसला. बाजूचं दार बंद, मोठं दार बंद. मी अंतोनीला लागूनच असलेल्या लुसीच्या झग्याची सोनेरी कड ओढत होते. नवऱ्याच्या चावण्याचा आवाज माझ्या कानात येत होता, त्याचं मला हसू येत होतं. आणि त्या चावण्याच्या वरून, त्याच्याइतक्याच जवळून, आवाज आला.

"नाव काय तुझं? नावाशिवाय मागता येत नाही."

"तू बोललास?" मी ओरडले.

नवऱ्याने वर बघितलं. त्याचे दोन्ही गाल फुगलेले होते. त्याने अर्धं खाल्लेलं उकडलेलं अंडं उंचावून दाखवलं.

मी नाव सांगितलं नाही. का ते मला माहीत नाही, तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी मी कामाकडे वळले आणि बघितलं तर सोनेरी कड वाकडी गेली होती.

माझी रेघ कधी वाकडी जात नाही. पाण्याच्या टाकीचा कठडा मी एका दोरीवर लोंबकळून रंगवलेला आहे. पण त्या दिवशी मी शिडीवरून उतरले ती प्रत्येक पायरीला थांबत. दुसऱ्या दिवशी चढले आणि अर्ध्यातून परत आले.

नवऱ्याने हे बघितलं. त्याने टोपी उलटी घातली आणि म्हणाला, "मी चढतो."

तो काही पायऱ्या चढलाही. मग त्याने बांबूला मिठी मारली आणि डोळे मिटले. "मला खाली घे," तो अगदी शांतपणे म्हणाला, "पण हलवू नकोस." फादर धावत आले, आणि आम्ही दोघांनी त्याचा एकेक पाय धरून त्याला खाली आणला.

तो घाम पुसत बाहेर गेल्यावर मी फादरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. कमानींबद्दल, जुन्या इमारतींबद्दल बरंच बोलले. मी म्हटलं, "मग तुम्ही या ना एकदा वर माझ्याबरोबर." त्यांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "तुमची परांची माझं काय बिघडवणार, मीच परांचीचं बिघडवीन," ते म्हणाले. मग हसायचे थांबले.

"ताई, त्या आवाजाने तुमच्याकडे मागितलं काय?"

"अजून काही नाही."

"मग विचारा," फादर म्हणाले. "मागायला आलेल्याला निदान विचारावं."

५

हे सांगायला सोपं होतं. कामाला मुदत होती, एक छत आणि एक कोनाडा उरला होता, आणि वर चढणारी मी एकटीच होते. घाबरलेल्या रंगाऱ्याला पुढचं काम कोण देणार? नवरा समोरच्या दुकानात गेला तेव्हा मी दात आवळून चढले, लुसीच्या शेजारी बसले आणि वाट बघत राहिले.

धप्प.

"आहेस का?"

"आहे," मी म्हणाले. "काय हवंय?"

"दोन शब्द टाक माझ्यासाठी."

आवाज बाईचा की पुरुषाचा ते कळत नव्हतं. म्हातारा नव्हता, तरुणही नव्हता. फार दिवस न वापरलेला होता एवढंच.

"मी कुणी संत नाही," मी म्हणाले. "मी रंगारी आहे. इथे खरे संत आहेत, त्यांना सांग."

"वर आहेस. उत्तर देतेस."

मी विचारलं, "नाव काय?"

उन्हाचा पट्टा बाकावरून सरकत होता, तो मी बघत होते.

"नाव राहिलं नाही. घेणारं कुणी राहिलं नाही ना."

आणि मग खाली बांबू करकरला. माणूस शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतो तेव्हा परांची जशी सगळी एकदा अंग हलवते, तशी ती हलली. पुढचा आवाज कमानीवरून आला नाही. तो माझ्या पायांखालून, शिडीच्या तोंडातून आला.

"येऊ का वर?"

शिडी एकच होती.

"नको," मी म्हणाले. माझ्या तोंडून दुसरा शब्द निघालाच नसता.

"बरं. इथेच आहे मी."

मी लुसीचा हात धरला. प्लॅस्टरचा, थंड, एक बोट तुटलेला. तो धरून मी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. शिडीकडे बघायची माझी हिंमत नव्हती, आणि तिच्याकडे पाठ करायचीही नव्हती. शेवटी बाजूच्या दाराचं कुलूप निघालं, नवऱ्याकडून किल्ली घेऊन आलेल्या सासूबाईंच्या चपला वाजल्या, आणि परांची एकदम हलकी झाली.

"अगं, अशी काय बसलीस?" त्यांनी खालून विचारलं. "जेवायचं नाही का?"

६

घरी स्वयंपाकघरात त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा उठून गॅस बारीक केला, तेवढंच. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"हे काम सोडून देऊ," तो म्हणाला. "मी फादरांशी बोलतो."

सासूबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "वर येऊ का विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"नको म्हणाले."

"आणि आलं का?"

"नाही."

"किती दिवस वाट बघितली असेल बिचाऱ्याने," त्या म्हणाल्या, "आणि तू नको म्हणालीस."

"आई, मला भीती वाटते."

"मलाही वाटतेय. हे बघ." त्यांनी हात पुढे केला. खरंच, बोटं जराशी थरथरत होती. त्या हाताने त्यांनी चमचा उचलला आणि पातेलं ढवळलं. "आपली माणसं गेली की आपण त्यांच्यासाठी मागतो. नावं घेऊन मागतो. ज्यांचं नाव घेणारं कुणी उरलं नाही, ते कुणाकडे जाणार? जिथून उत्तर येईल तिथेच जाणार."

"पण मला प्रार्थना येत नाहीत."

"शेजारणीच्या मुलासाठी शाळेत शब्द टाकलास, तेव्हा काय पाठ करून गेली होतीस? सरळ म्हणालीस, पोरगं चांगलं आहे, घ्या."

"ते पोरगं मला माहीत होतं. हे काय आहे, चांगलं की वाईट, मला काय ठाऊक?"

सासूबाईंनी गॅस बंद केला.

"मग तसंच सांग," त्या म्हणाल्या. "जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगायचं. आणि उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"चर्चमध्ये?"

"वर," सासूबाई म्हणाल्या.

नवरा चौकटीला धरून खाली बसला.

७

त्यांचे गुडघे असे आहेत की घरातला जिना चढतानासुद्धा त्या मध्ये थांबून कुणाला तरी नावं ठेवतात, म्हणजे दम खाल्ल्यासारखं दिसत नाही. त्या दिवशी त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या आणि शिडीला हात घातला. पुढे त्या, मागे मी. खालून नवरा म्हणत होता, "आई, खाली बघू नकोस. आई, वरही बघू नकोस." त्यांनी पहिल्या टप्प्यावर थांबून त्याच्या लहानपणीच्या अभ्यासाला नावं ठेवली, दुसऱ्यावर माझ्या भाजीतल्या मिठाला, आणि वर पोचल्या.

आयुष्यभर त्यांनी ज्यांच्या हनुवट्या बघितल्या होत्या, ते आता समोर उभे होते. त्यांनी लुसीच्या गालावरची धूळ पदराने पुसली. "किती लहान आहे गं ही," त्या म्हणाल्या.

आम्ही परांचीच्या फळीवर शेजारी शेजारी बसलो, पाय खाली सोडून. नवरा बाजूच्या दाराशी जाऊन उभा राहिला. फादरांनी त्या दिवशी मोठं दार बंदच ठेवलं होतं. सकाळचं ऊन होतं, बाहेर कुठेतरी कुणी गालिचा झटकत होतं.

धप्प.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं.

"आहे," कुणी विचारायच्या आधीच मी म्हणाले. "ये वर."

बांबू करकरले. एकेक पायरी, सावकाश, उतावीळपणा न करता. शिडीच्या तोंडाशी आवाज थांबला. मग आमची फळी, माझ्या उजव्या हाताला, खाली वाकली. तिसरं माणूस येऊन बसलं की वाकते तेवढीच.

सासूबाईंनी माझ्या कमरेला कोपर लावलं. "सरक इकडे," त्या पुटपुटल्या. "जागा दे नीट."

मी सरकले. समोर बघायचं ठरवलं होतं, पण डोळ्याच्या कोपऱ्याला कोण अडवणार. काहीतरी करडं दिसलं, गुडघ्यावर घडी पडलेलं. त्याच्यावर हात. बोटं एकमेकांत अडकवलेली, आणि अंगठे एकमेकांभोवती फिरत होते, दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसाचे फिरतात तसे. आणखी जरा मान वळवली असती तर चेहरा दिसला असता. मी ती वळवायला लागले होते. सासूबाईंनी माझी हनुवटी धरून समोर केली.

"ज्याच्याकडे मागायचं त्याच्याकडे बघ," त्या म्हणाल्या.

समोर अर्धं रंगवलेलं छत होतं. मी त्याच्याकडे बघून बोलले.

"हे बघ. मी रंगारी. माझी तुझी फारशी ओळख नाही. इथे माझ्या शेजारी कुणीतरी बसलंय. त्याला नाव नाही. ते चांगलं होतं की वाईट, मला माहीत नाही. पण वर यायच्या आधी त्याने 'येऊ का' म्हणून विचारलं. मी नको म्हटलं, तर ते थांबलं. माझ्यावर रागावलं नाही. एवढंच मी बघितलंय. एवढ्यावर काही होण्यासारखं असेल, तर बघ."

माझ्या शेजारचे अंगठे थांबले.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आमेन." मग मीही म्हणाले.

फळी लगेच वर आली नाही. पातेल्यातलं दूध निवत जावं तशी ती सावकाश, अंदाज न लागता, सरळ होत गेली. ती पुरती सरळ झाली तेव्हा मला माझा श्वास ऐकू आला.

"झालं," मी म्हणाले. मला हसू यायला लागलं होतं. "आई, झालं. उतरू या."

खाली, अगदी मागच्या बाकाशी, धप्प आवाज झाला.

मग त्याच्या पुढच्या बाकाशी. मग पलीकडच्या रांगेत. मग दोन एकदम. मागून पुढे, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने, सगळ्या चर्चभर फळ्या पडत गेल्या, वेदीपर्यंत. प्लास्टिक जागचं हललं नाही. शेवटची फळी पडली आणि इतकी शांतता झाली की बाहेरचा गालिचा झटकायचा आवाजही थांबल्यासारखा वाटला. मग आमच्या खाली शिडीचा बांबू करकरला, आणि कुणीतरी, अगदी अदबीने, विचारलं, "येऊ का?"

सासूबाईंनी खाली वाकून त्या रिकाम्या बाकांकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग पाठीमागे बांबूला नीट टेकून बसल्या आणि पदर सारखा केला.

"आज जेवायला उशीर होणार," त्या म्हणाल्या. "बोलाव त्यांना. एकेक करून या म्हणावं, फळी जुनी आहे."

८

उतरलो तेव्हा ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. माझा घसा बसला होता. प्रत्येकाबद्दल काही ना काही सांगण्यासारखं निघालं होतं. कुणी शिडीवर दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं, कुणी फळीवर बसताना रंगाचा डबा लवंडू नये म्हणून बाजूला सरकवला. एकाबद्दल मला काहीच सुचेना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सांग, याचा जीव घाबरलाय," आणि मी तेच सांगितलं.

नवरा बाजूच्या दाराशीच होता. त्याने दार पाठीने उघडं धरलं होतं आणि बाहेरच्या पायरीकडे बोट दाखवत रिकाम्या हवेशी बोलत होता.

"सावकाश. पायरी आहे तिथे. हां."

"कुणाशी बोलतोयस?" मी विचारलं.

तो दचकला नाही. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता, पण दार त्याने सोडलं नव्हतं. "दार सारखं आतून ढकललं जात होतं," तो म्हणाला. "कुणी जात असेल तर धरावं, म्हणून धरलं."

"कोण दिसलं?"

त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला विचारू नकोस," तो म्हणाला. "उंचीची भीती पुरे आहे मला." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मात्र सगळे गेले नाहीत. एक आत राहिलंय."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. त्या खांबाजवळच्या बाकावर बसून डबा सोडत होत्या. "जेवल्यावर बघू त्याचं."

आम्ही तिघं एका बाकावर दाटीवाटीने बसलो. पाव गार झाला होता, पण भूक इतकी होती की कुणी बोललं नाही. वर परांचीवर फळी करकरली आणि कुणीतरी बसल्यासारखी जराशी वाकली. नवऱ्याने घास तोंडातच थांबवला. सासूबाईंनी त्याच्या हातात दुसरा पाव ठेवला.

मी वर बघितलं नाही.

"ओल्या रंगाला हात लावू नका हं," मी मोठ्याने सांगितलं, आणि अंडं सोलायला घेतलं.